तळचे सहा

गुदैबियातल्या दातांच्या दवाखान्यात
दुखरा गाल धरून बसलेली माणसं
टाकीकडे बघतात, मासे बघत नाहीत.
गप्पी तेवढे दिसतात त्यांना, रंगीत, हावरे,
माझी सावली काचेवर पडली की
तोंडं वर करून हजर.

लोच तळाशी असतात.
खापराखाली, पाइपामागे,
नाहीतर वाळूवर सरळ आडवे,
एका कुशीवर, डोळे उघडे.
मेला! हमद नावाचा पोरगा दर वेळी ओरडतो.
डॉक्टर फैरूजसुद्धा एकदा जाळी घेऊन आल्या.
मी म्हटलं, थांबा, झोपायची तऱ्हा आहे ती.
काचेवर नख वाजवलं.
तो उठला, मिशा झटकल्या,
आणि पाहुण्यांसमोर उठवलं म्हणून
फुरंगटून खापराखाली गेला.

आधी एकच आणला होता, गोगलगायींसाठी.
पाणवनस्पतीबरोबर दोन आल्या होत्या,
महिन्याभरात मोजणं सोडून दिलं.
दुकानातला सजीश म्हणाला, हा खाईल.
तुमच्याच बाजूचा आहे, कोल्हापूरकडचा.
पट्टे बघून मला आधी आत्याचं इरकली लुगडं आठवलं,
हिरण्यकेशी मागाहून.

सतरा दिवस तो फिल्टरमागून निघाला नाही.
रंग उतरून राखेसारखा झाला.
गोगलगायी त्याच्या डोक्यावरून फिरायच्या.
फोन केला तर सजीश म्हणतो,
एकटा कसा खाईल, मॅडम? पाच-सहा तरी लागतात.
हे आधी सांगायचं नाही?
डॉक्टर म्हणाल्या, एक आहे ना.
मग पाच माझ्या पगारातून.
पावती अजून पर्समध्ये आहे, कशाला कोण जाणे.

पहिल्या रात्री जुंपली त्यांची.
गोल गोल, अंगाला अंग घासत,
सगळ्यांचे पट्टे फिके.
सगळ्यांत जाडी होती ती जिंकली.
सकाळी बघते तर सहाही एकाच खापराखाली,
पिळून ठेवलेल्या कपड्यांसारखे एकमेकांवर.
शेजारचं खापर अख्खं रिकामं.

दिवसा टाकलेलं त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.
वरचे वरच्यावर संपवतात,
बुडणारी गोळी टाकली तरी तिच्यामागे तळ गाठतात.
म्हणून आठला शेवटचा पेशंट गेला,
दिलमायाने फरशी पुसून घेतली,
की मी दिवे बंद करते
आणि दहा मिनिटं काहीच करत नाही.
खुर्च्या, मासिकं, दाताचा प्लास्टरचा नमुना,
सगळं हळूहळू दिसेनासं होतं.
मग चार गोळ्या. काकडीची चकती, चमच्याला अडकवून.
मंगळवारी गोठवलेल्या अळ्यांचा एक चौकोन.
ही दहा मिनिटं पगारात धरत नाहीत.

ऑगस्टमध्ये नळ सोडला तर चहाचं पाणी येतं,
गच्चीवरची टाकी दिवसभर भाजत असते.
मग पाणी बदलायच्या आदल्या रात्री
बादल्या भरून एक्स-रेच्या खोलीत ठेवायच्या.
दिलमाया त्या ओलांडताना नेपाळीत काही बोलते.
शिवी नसावी.

आईचा फोन नेमका याच वेळी येतो.
आजऱ्यात साडेदहा झालेले असतात,
तिला झोप नसते.
काल म्हणाली, जेवलीस का?
मी म्हटलं, थांब जरा,
आणि फोन काचेला टेकवला.

अंधारात सहा तोंडं गोळीला लागली होती,
आणि तो आवाज,
टक्. टक्. मध्येच नाही. टक्.
खूश असले की करतात म्हणे.
मला काय माहीत.

आई बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
कोण गं तिथे,
सुपारी कातरतंय?